खान्देशातून मुंबई दर्शन: आधी वार ठरवा, मग गाडी

मुंबई बघायला निघालेली आपल्याकडची बहुतेक कुटुंबं आधी गाडीचं तिकीट काढतात आणि मग बघायच्या ठिकाणांची यादी करायला बसतात. हा क्रम उलटा हवा. मुंबईत काय बघून होईल हे पैशांवर कमी आणि वारावर जास्त अवलंबून असतं. राणीची बाग बुधवारी बंद असते. तिच्या आवाराला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, वरळीचं नेहरू तारांगणही सोमवारी बंद. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद असतात, आणि प्रत्येक ठिकाणी निम्मी मुंबई उतरलेली असते. म्हणजे रविवारी सकाळी पोहोचून मंगळवारी रात्री परतणाऱ्याचा पहिला दिवस गर्दीत जातो, दुसरा बंद दारांसमोर जातो आणि हाती एकच धड दिवस उरतो.

"जिभाऊ, तीन दिवसांत मुंबई होईल का?" असं कोणी विचारलं की माझं उत्तर एकच असतं. बुधवारी रात्री गाडीत बसा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार फिरा आणि शनिवारी रात्री परतीची गाडी धरा. रविवार घरी, अंथरुणात. चौथा दिवस काढता येत असेल तर मंगळवारी रात्री निघा, बुधवार दक्षिण मुंबईत घालवा आणि राणीची बाग पुढच्या दिवसांत टाका. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर राणीची बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी कॅलेंडर नीट बघावं.

कोणत्या महिन्यात

डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यात उत्तम. मुलांच्या शाळेमुळे मे महिन्यातच जावं लागत असेल तर उन्हाबद्दलचा आपला अंदाज बाजूला ठेवा. जळगाव-भुसावळात ४४-४५ अंश सोसलेला माणूस मुंबईचे ३३-३४ अंश ऐकून निर्धास्त होतो. पण आपलं ऊन कोरडं, घाम आला की लगेच वाळतो. मुंबईत हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि दुपारपर्यंत माणूस गळून जातो. आबा-आजी सोबत असतील तर तासातासाला पाणी, चिमूटभर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी आणि दुपारी १२ ते ४ छताखाली, हा नियम मोडू नका. सुती, सैल कपडे घ्या.

जून ते ऑगस्टमध्ये मुंबई देखणी दिसते, पण समुद्र खवळला की घारापुरीच्या लाँच बंद ठेवतात. तेव्हा जाणार असाल तर घारापुरी यादीतून काढूनच निघा. महापालिका मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा पावसाळ्याआधीच जाहीर करते, त्या बघून ठेवा. त्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचं नाही.

गाडी आणि उतरायचं स्टेशन

जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. अमरावती एक्स्प्रेस, विदर्भ एक्स्प्रेस यांसारख्या गाड्या रात्री आपल्याकडून निघतात आणि पहाटे किंवा सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचतात. रात्र गाडीत गेली की एक दिवसाचा लॉजचा खर्च वाचतो आणि सकाळ पूर्ण हाती येते. धुळेकरांना चाळीसगावमार्गे मुंबईला थेट गाडी आहे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारच्या लोकांना सुरतमार्गे जाणारी खान्देश एक्स्प्रेस आणि पश्चिम रेल्वेच्या इतर गाड्या सोयीच्या. त्या रोज नसतात, म्हणून वार ठरवताना हेही जुळवून बघा.

आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. तारीख टाकताना मात्र जपून. गाडी तुमच्या स्टेशनवर रात्री १२ नंतर येत असेल तर तिकिटावर पुढच्या दिवसाची तारीख हवी. बुधवारी जेवून निघायचं आणि गाडी १२ वाजून २० मिनिटांनी असेल, तर ते तिकीट गुरुवारचं. या एका गोष्टीवरून कितीतरी कुटुंबं फलाटावरून परत फिरतात. तत्काळची वेळ आलीच तर एसीची खिडकी आदल्या दिवशी सकाळी १० वाजता आणि स्लीपरची ११ वाजता उघडते.

कुठे उतरायचं, यावर पहिला दिवस ठरतो. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी शेवटपर्यंत, टर्मिनसपर्यंत जावं. पहिला दिवस तिथूनच पायी सुरू होतो. नंदुरबारकडून पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी दादर-मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन पुन्हा उलटं बोरिवलीला येण्यात दिवस घालवू नये. गाडी बोरिवलीला सकाळी थांबत असेल तर तिथेच उतरा, राष्ट्रीय उद्यान पहिल्याच दिवशी करा आणि संध्याकाळी दक्षिणेकडे या.

मुक्काम आणि सामान

कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या भागांत आपल्याकडचं कोणी ना कोणी असतंच, आणि नातेवाइकांकडे उतरण्यात आनंद आहे. फक्त हिशोब आधी करा. कल्याणहून टर्मिनसला जलद लोकलने तासाभराच्या वर लागतो, आणि सकाळी ८ ते १०.३० या वेळेत त्या गाडीत लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन शिरणं धोक्याचं आहे. तिथे राहणार असाल तर पहाटे ६ ला निघा किंवा साडेदहानंतर. परतताना ५ ते ८.३० टाळा. माझं मत विचाराल तर दोन रात्री टर्मिनस, मशीद बंदर किंवा दादरच्या आसपास साध्या लॉजमध्ये काढाव्यात आणि शेवटची रात्र नातेवाइकांकडे. चालण्यातला आणि लोकलमधला थकवा त्याने निम्मा होतो.

पहाटे पोहोचल्यावर खोली लगेच मिळत नाही. टर्मिनसवर प्रतीक्षालय आहे, तिथे तोंड धुऊन कपडे बदलता येतात. सामान क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप असल्याशिवाय ती घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. दोन छोटी कुलपं घरूनच घ्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडा ठेचा मात्र क्लोकरूममध्ये ठेवू नका. पहिल्या दिवशीचा नाश्ता आणि दुपारचं जेवण त्यावर सहज निघतं, आणि मुंबईच्या जेवणात आपल्या जिभेला जे कमी वाटतं ते ठेचा भरून काढतो.

शहरात फिरण्याची रीत

मुंबई उत्तर-दक्षिण लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. म्हणून एका दिवसात एकच पट्टा. सकाळी बोरिवली आणि दुपारी गेटवे असं केलं की दिवस गाडीत संपतो.

लोकलमध्ये चढण्याआधी फलाटावरचा इंडिकेटर वाचा: गाडी कुठपर्यंत, धिमी की जलद, किती डब्यांची. जलद गाडी भायखळ्यासारख्या काही स्टेशनांवर थांबते, मशीद-सँडहर्स्ट रोडसारख्यांवर नाही. बायका महिलांच्या डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये बसणार असतील तर उतरायचं स्टेशन आणि त्याच्या आधीचं स्टेशन दोन्ही सांगून ठेवा. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं तेही आधीच ठरवा. स्टेशनचा मुख्य इंडिकेटर ही सोपी खूण. मुलांच्या खिशात मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. दिवसभर लोकलने फिरणार असाल तर तिकीट खिडकीवर टुरिस्ट तिकीट मागा. ते एक, तीन किंवा पाच दिवसांचं मिळतं आणि प्रत्येक वेळी रांगेत उभं राहणं वाचतं.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आहे, आणि बाहेरगावच्या माणसासाठी याहून मोठी सोय गेल्या कित्येक वर्षांत झालेली नाही. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट, गिरगाव, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, दादर ही सगळी नावं तिच्या मार्गावर आहेत. लोकलपेक्षा तिकीट महाग, पण एसी, लिफ्ट आणि धक्काबुक्कीपासून सुटका. गुडघे दुखणाऱ्यांना मेट्रोनेच न्या.

रिक्षाचा विचार वांद्रे-सायनपर्यंतच करा. त्याच्या पुढे दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीतच. तिथे काळी-पिवळी टॅक्सी. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६ रुपये, फेब्रुवारी २०२५ पासून. "मीटरने चला" एवढंच म्हणायचं. जो मीटर टाकत नाही त्याच्याशी घासाघीस करण्यापेक्षा पुढची टॅक्सी बघा. बेस्टच्या बस स्वस्त आहेत, पण फोर्ट भागात गर्दीच्या वेळी चालत लवकर पोहोचाल.

पहिला दिवस: टर्मिनस ते गेटवे, पायी

टर्मिनसमधून बाहेर पडून थेट टॅक्सीकडे धावू नका. रस्ता ओलांडून समोर, महापालिकेच्या बाजूला जा आणि मागे वळून बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची ही इमारत १८७८ साली सुरू होऊन दहा वर्षांत उभी राहिली. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. मुलांना भिंतीवरचे प्राणी शोधायला लावा: मोर, माकडं, खारी, पानाफुलांत दडलेले पक्षी. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ आहे, इंग्लंड आणि भारताची खूण म्हणून. शेजारची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. इथूनच जवळ, बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. भुसावळसारखं रेल्वेवर वाढलेलं गाव ज्यांचं आहे, त्यांनी इथे दोन मिनिटं जास्त थांबावं.

तिथून दादाभाई नौरोजी मार्गाने कमानींच्या सावलीतून चालत हुतात्मा चौक. अंतर किलोमीटरभर. १८६४ चं फ्लोरा फाउंटन आणि त्याच्या शेजारी हातात मशाल धरलेले शेतकरी-कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच भागात गोळीबार झाला होता. मुंबईसह महाराष्ट्र आज ज्यांच्यामुळे आपला आहे त्यांचं हे स्मारक आहे, फोटो काढण्याआधी मुलांना एवढं सांगावं.

पुढे ओव्हल मैदानाकडे वळा. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय या दगडी इमारती. पश्चिमेला गोलाईदार सज्जांची आर्ट डेको घरं. दोन्ही मिळून २०१८ साली जागतिक वारसा ठरले. राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला, उंची २८० फूट. त्यासाठी पैसा दिला कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आईच्या नावाने. हा पैसा आला कुठून ते आपल्या माणसांनी जाणून घ्यावं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. खान्देश, वऱ्हाड, गुजरातच्या काळ्या जमिनीतला कापूस त्या तेजीत होता. फोर्टमधल्या भव्य इमारती उभ्या राहिल्या त्या याच काळाच्या आगेमागे. मुंबईत आपण पाहुणे म्हणून हिंडतो, पण या दगडांत आपल्या शेतांचा वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता ऊन चढलेलं असतं. अशा वेळी काळाघोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी ६. जॉर्ज विटेट यांनी बांधलेली घुमटाची इमारत, १९२२ साली लोकांसाठी खुली झाली. तीन तास लागतात. सगळं बघायचा हट्ट करू नका. शिल्पदालन, लघुचित्रं, शस्त्रं आणि मुलांसाठी प्राण्या-पक्ष्यांचं दालन, एवढं पुरे. स्वच्छतागृहं चांगली आहेत, हे बायकांसाठी मुद्दाम सांगतो, कारण फोर्टमध्ये फिरताना तीच अडचण होते. जवळच जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ ची, प्रवेश मोफत. अर्धा तास तिथेही द्या.

साडेचारच्या सुमारास गेटवेला पोहोचा. पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात आला त्याची आठवण म्हणून बांधायला घेतलेली ही कमान ४ डिसेंबर १९२४ ला खुली झाली. वास्तुविशारद पुन्हा विटेटच. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीत बसून गेली. ज्या दाराने राजा आला त्याच दाराने त्याचं सैन्य गेलं, आणि समोर आज शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. दारातच बॅगांची तपासणी होते, म्हणून हातात थोडंच सामान असू द्या. फोटोवाले मागे लागतील. हवा असेल तर किती प्रतींचे किती रुपये ते आधी ठरवा.

सूर्य मावळायला मरीन ड्राइव्ह. नरिमन पॉइंटच्या टोकापासून चर्चगेटच्या दिशेने जमेल तेवढं चाला. खालच्या चौकोनी-त्रिकोणी काँक्रीटच्या दगडांवर, म्हणजे टेट्रापॉडवर, मुलांना अजिबात उतरू देऊ नका. ते शेवाळलेले असतात आणि मधल्या फटींत पडलेला माणूस सहजासहजी काढता येत नाही.

दुसरा दिवस: घारापुरी

सकाळी नऊच्या सुमारास गेटवेहून लाँच सुरू होतात. पहिल्या-दुसऱ्या लाँचने निघा. तिकीट खिडकीवरच घ्या, परतीचं धरून मिळतं, आणि ते परत येईपर्यंत जपून ठेवा. लाँचच्या वरच्या मजल्यावर बसायला वेगळे पैसे घेतात. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. तासाभराचा प्रवास. ज्यांना बस लागते त्यांनी हलकं खाऊन यावं.

धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत लांबलचक बांध आहे. त्यावर छोटी गाडी चालते, मुलांना ती फार आवडते. मग सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. चढ न झेपणाऱ्यांसाठी डोली मिळते, दर आधी ठरवा. माकडं पिशवी, बाटली, कणीस काहीही ओढतात. खाण्याचं पिशवीत बंद ठेवा आणि माकडाच्या डोळ्यांत डोळे घालून उभं राहू नका. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, शिवाय गावाचा किरकोळ कर.

आपल्याला वेरूळ-अजिंठा जवळ असल्यामुळे पुष्कळजण "लेणीच ना" म्हणून घारापुरी उरकतात. असं करू नका. सहाव्या शतकाच्या सुमाराची ही शैव लेणी आहेत, आणि मुख्य लेण्यातला तीन मुखांचा सदाशिव १८ ते २० फूट उंच आहे. आत शिरल्यावर आधी दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. मग सदाशिवासमोर उभे राहा: मधलं शांत मुख, एका बाजूला उग्र, दुसऱ्या बाजूला कोमल. त्याच्या दोन्ही अंगांना अर्धनारीनटेश्वर आणि गंगाधर. बाकीच्या भिंतींवर कैलास हलवणारा रावण, शिवपार्वतीचं लग्न, अंधकासुराचा वध, नटराज, योगी शिव. पुष्कळ मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत, तरी कथा माहीत असेल तर शिल्प वाचता येतं. निघण्याआधी आजीने नातवंडांना या गोष्टी सांगाव्यात. तिथे कोणत्याही गाइडची गरज उरणार नाही.

दोनच्या आत परत फिरा. शेवटच्या लाँचपर्यंत थांबलात तर रांगेत तास जाईल. दुपारी खोलीवर झोपा. संध्याकाळी मेट्रोने सिद्धिविनायक करता येतं. मंगळवार आणि संकष्टी सोडून रांग सुसह्य असते. हाजीअलीला जायचं असेल तर भरतीची वेळ बघून, कारण मोठ्या भरतीत तिथली वाट पाण्याखाली जाते.

तिसरा दिवस: भायखळा, मग गावदेवी आणि मलबार हिल

राणीची बाग म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. साडेनऊला उघडते, तेव्हाच पोहोचा. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून दहा मिनिटं चालायचं. पेंग्विन बघायचे असतील तर आधी तिकडेच जा. अकरानंतर काचेपर्यंत पोहोचायला रांग लागते. वाघ, पाणघोडे, पक्ष्यांचा मोठा पिंजरा हे त्यानंतर.

पण शेतीवाडीच्या माणसाने इथे झाडं बघावीत. ही बाग १८६० च्या दशकातली आहे आणि प्राण्यांआधी ती वनस्पतींची बाग होती. गोरखचिंच, लाल झुंबरांची उर्वशी, शंभर वर्षांपुढचे वृक्ष, बहुतेकांवर नावाच्या पाट्या. दाराजवळच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, १८७२ सालच्या, जुन्या मुंबईच्या प्रतिकृती आणि कारागिरीच्या वस्तू आहेत. त्याच्या बाहेर उभा असलेला मोठा दगडी हत्ती घारापुरीहून आणलेला आहे. आदल्या दिवशी बेट पाहिलेलं असलं की मुलं त्या हत्तीपाशी आपोआप थांबतात.

दुपारी ग्रँट रोडला या. पश्चिमेला उतरून चालत मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. जळगावच्या जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ पाहिलेल्यांना इथली छोटी, साधी खोली वेगळाच अनुभव देते. तिथून जवळच ऑगस्ट क्रांती मैदान. ८ ऑगस्ट १९४२ रोजी इथे 'छोडो भारत' ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले, आणि बरोबर महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारच्या चौकात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळ्या झेलून पडले. मुंबईच्या बहुतेक टूरवाल्यांच्या यादीत हे मैदान नसतं. खान्देशातल्या कुटुंबाने ते चुकवू नये.

मलबार हिलला टॅक्सीनेच चढा. फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे हँगिंग गार्डन, पाण्याच्या मोठ्या टाकीवर वसवलेलं आहे. प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं मुलांना आवडतात. समोरच्या कमला नेहरू पार्कमध्ये म्हातारीचा बूट आहे आणि तिथून सगळा मरीन ड्राइव्ह दिसतो. दिवे लागायच्या वेळी तिथे असा. वेळ उरला तर वाळकेश्वरला बाणगंगा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचं कुंड, चारी बाजूंनी पायऱ्या आणि देवळं. मग गिरगाव चौपाटी आणि भेळ. जुन्या आठवणीवरून तारापोरवाला मत्स्यालय बघायला मात्र जाऊ नका, ते बंद आहे.

चौथा दिवस मिळाला तर: बोरिवली

एकच दिवस जास्तीचा असेल आणि मुलं दहा वर्षांपुढची असतील, तर तो राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना द्या. मला मुंबईत याहून मोलाचं ठिकाण वाटत नाही. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं जंगल शहराच्या पोटात आहे, तुळशी आणि विहार ही दोन तळी त्यात आहेत आणि बिबटे मोकळे फिरतात. बोरिवली पूर्वेहून पंधरा मिनिटांत फाटक. सकाळी लवकर आत शिरा. फाटकाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. कान्हेरी फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत आहे. आतल्या बसने जा, तब्येत ठणठणीत असेल तर भाड्याच्या सायकलने.

इथे शंभराहून अधिक लेणी आहेत. अजिंठ्यासारखी रंगवलेली नाहीत, म्हणून काहीजण निराश होतात. पण अजिंठ्यात चित्रं बघायची आणि कान्हेरीत भिक्खूंची राहणी. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, उंच स्तंभांची रांग आणि ओसरीत दोन प्रचंड उभे बुद्ध आहेत; ते बघून बहुतेक लोक परततात. तुम्ही वर चढा. लेण्यालेण्यात दगडी बाक, झोपायचे कट्टे आणि दाराशी पाण्याचं टाकं. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी दगडात कोरलेल्या बारीक चरांनी टाक्यांत नेलेलं आहे. एका टाक्यातून वाहून गेलेलं पाणी खालचं टाकं धरतं. जानेवारीनंतर टँकरची वाट बघणाऱ्या गावांतल्या माणसांनी हे चर बोट फिरवून बघावेत. पोरांना सांगायला वेगळा धडा लागत नाही. ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, तो शोधायला लावा. पाण्याच्या बाटल्या भरून न्या, चांगली पकड असलेले बूट घाला, आणि अंधार पडण्याआधी फाटकाबाहेर या.

मुलं लहान असतील तर राणीची बागच बरी; कान्हेरीचे चढ-उतार त्यांना कंटाळवाणे होतात.

परतीची गाडी

परतीचं आरक्षण जातानाच काढा, आणि दादरऐवजी टर्मिनसहून चढा. गाडी आधी लागते, सामान लावायला वेळ मिळतो. निघण्याच्या दिवशी शेवटचं ठिकाण आणि गाडी यांत किमान तीन तास मोकळे ठेवा, कारण संध्याकाळची गर्दी सुरू झाली की टॅक्सीही अडते आणि लोकलही. क्लोकरूममध्ये सामान असेल तर तिथल्या रांगेचाही वेळ धरा.

रात्रीच्या गाड्या चाळीसगाव, पाचोरा, जळगावला मध्यरात्रीनंतर, ऐन झोपेच्या वेळी पोहोचतात. तीन दिवसांची चाल अंगात असते, गजरावर भरवसा ठेवू नका. रेल्वेच्या १३९ या नंबरवर फोन करून पीएनआर सांगितला की स्टेशन यायच्या आधी फोन येईल अशी सोय लावून घेता येते. दोन मोबाईलवर लावा. धरणगाव, एरंडोल, शिरपूर असं पुढे जायचं असेल तर पहाटेच्या पहिल्या एसटीची वेळ निघण्याआधीच विचारून ठेवा, आणि तोवर बायका-मुलांना घेऊन स्टेशनबाहेर न पडता प्रतीक्षालयातच थांबा.